लालासाहेबांनी निवडलेला पिक्चर

पिक्चरच्या पेट्या या खेपेला नाथाजीनं आणल्या नाहीत. लालासाहेब स्वतः सांगलीला जाऊन घेऊन आले. साताऱ्याच्या पुढं एस.टी.त बसायचं म्हटलं की ज्यांचा पाय उंबऱ्यातच अडायचा, ते लालासाहेब! भाड्यानं पिक्चर देणाऱ्याच्या कचेरीत जाऊन बसले, स्वतःच्या पसंतीनं पिक्चर घेतला आणि लोखंडी पेट्या टपावर टाकून, धुळीनं पांढरे होऊन, शनिवारी संध्याकाळी दारात उतरले.

चंद्राबाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाली. एरवी दिरांनी पाणी पिताना उन्हाबद्दल, नाहीतर कंडक्टरबद्दल एखादी शिवी हासडली असती. आज त्यांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तांब्या रिकामा करून ते सरळ गोठ्याकडं गेले.

"कुठला आणला वं दादांनी?" तिनं चुलीपुढं बसलेल्या थोरल्या जावेला विचारलं.

"शेवंतीचं सासर म्हणं." शालूबाईनं तव्यावरची भाकरी उगाचच दोनदा उलटली. "घरंदाज हाय म्हणत हुते. बायकांनी बघण्यासारखा."

"मारामारी न्हाई?"

"न्हाई वाटतं."

"कोर्ट?"

"मला काय ठावं बाई, मी काय बघितलाय व्हय?" शालूबाई एकदम तडकली, आणि मग स्वतःच्याच तडकण्यानं वरमून म्हणाली, "पीठ आण जरा."

कोर्ट नसलेला पिक्चर लालासाहेबांनी आजवर एकही बघितला नव्हता. म्हणजे बसायचे सगळ्याच पिक्चरला, पण पहिलं रीळ संपायच्या आत घोरायला लागायचे, आणि न्यायाधीशाचा हातोडा वाजला की बरोबर जागे व्हायचे.

धाकटा दीर नाथाजी पलटणीत होता तेव्हा जवानांना पिक्चर दाखवायचं काम त्याच्याकडं होतं. बर्फात तंबू ठोकून, पांघरुणं गुंडाळून बसलेल्या पोरांना त्यानं पिक्चर दाखवले होते. पेन्शनीत निघाला तेव्हा इतरांनी बंदुकीची लायसनं काढली, यानं जुन्या बाजारातून लहान रिळांचं एक प्रोजेक्टर मशीन आणलं. बायको तेव्हा नुकतीच गेलेली. घरात यायचं, सुन्न बसायचं. मशीन आलं आणि माणूस बोलायला लागला. महिन्याकाठी एक पिक्चर. रविवारी दुपारी, विजेचा भरवसा असायचा तेव्हा, सोप्याच्या खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, भिंतीवर धुतलेलं धोतर ताणायचं आणि निम्मी गल्ली आत कोंबायची.

पिक्चर संपला की नाथाजी एकेकाला विचारायचा, "बोला, कसा वाटला?" पलटणीतल्या साहेबाची ती सवय त्यानं उचलली होती. सगळ्यांचं बोलून झाल्याशिवाय चहा ठेवायचा नाही असा नियम. शालूबाई रडलेली असायची. ती डोळे पुसत नटीची लुगडी कशी होती ते सांगायची. चंद्राबाईची लेक उमा नटाच्या केसांना नावं ठेवायची. आणि शेवटी नाथाजी म्हणायचा, "आता वैनी."

चंद्राबाईच्या त्या बोलण्याची लोक वाट बघायचे. "आंधळी झालेली बाई उंबऱ्याला बरोबर पाय उचलून कशी गेली?" असं काहीतरी ती विचारायची, आणि ज्यांनी मघाशी आसवं गाळली ते हसायला लागायचे. थोरल्या दिरांच्या समोर या घरातली सून पदर पुढं ओढून हो-नाही एवढंच बोलायची. पिक्चरवर मात्र बोलायची तिला मुभा होती. कुणी दिलेली नव्हती, आपसूक पडत गेली होती. नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं घरात नेमकं काय असतं, हे कुणालाच ठरवता आलं नव्हतं. पण घोंगड्या लावलेल्या त्या खोलीत तिची जागा पक्की होती. पिक्चर निवडायचे तेही तीच आणि नाथाजी मिळून.

म्हणूनच त्या रात्री तिला स्वस्थता वाटेना. उमाच्या लग्नाची बोलणी गुरुवारी व्हायची होती. कवठे महांकाळचं स्थळ. मुलगा, कृष्णात, कुपवाडच्या एका कारखान्यात फिटर. पोरगी बघून गेले, पसंत म्हणून निरोपही आला. पण जाताना मुलाचे वडील उंबऱ्यात थांबून म्हणाले होते, "मुलीचं वडील भेटलं न्हाईत ते. गुरुवारी असत्याल न्हवं?" आणि लालासाहेबांनी मान हलवली होती. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्या पाहुण्यांना कळलं नसेल, तिलाही कळलं नव्हतं.

*

रविवारी दुपारी घोंगड्या लावताना गल्लीतली हरणाबाई दोन पोरं काखेत मारून आली. लालासाहेब दारातच उभे होते.

"आज न्हाई हरणाबाई. आज घरच्या घरी हाय."

"म्हंजे? पिक्चर घरच्या घरी?" हरणाबाईनं पोरं खाली ठेवली. "आमी काय पडदा खाणार हाय का काय?"

"पुढच्या खेपेला या."

वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. खोलीत भुईमुगाच्या शेंगांची पोती भिंतीला लावलेली होती, त्यांची धूळ आणि मशीनच्या दिव्याचा तापलेला वास. नाथाजी रिळाची पट्टी दातेरी चाकांतून ओवत होता.

"भावजी, ह्यो पिक्चर तुमाला ठावा हुता का?" चंद्राबाईनं विचारलं.

"दादांनी आणलाय," तो म्हणाला. पट्टी ओवायला त्याला डोळे लागत नसत, हे तिला माहीत होतं. आज तो त्या चाकांत डोकं घालून बसला होता.

पडद्यावर नावं आली, गाणं सुरू झालं. शेवंती नावाची सून, सोन्यासारखी. नवरा शहराला जातो, तिथल्या एका बाईच्या नादाला लागतो. सासू कुढून मरते. शेवंती जात्यावर बसून गाते. अगदी सुरुवातीपासूनच चंद्राबाईच्या अंगाला मुंग्या आल्या. असे पिक्चर तिनं पूर्वी बघितले नव्हते असं नाही. चार पिक्चरांमागं एकात कुणीतरी कुणालातरी टाकलेलंच असतं. पण आज तिनं मान वळवून पाहिलं तर लालासाहेब जागे होते. ताठ बसून, गुडघ्यांवर हात ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे. आणि शालूबाई रडायच्या जागेच्या आधीच रडत होती.

दुसऱ्या रिळात मागचं दार किलकिलं झालं. उन्हाची एक पट्टी पडद्यावर पडली, शेवंतीचं तोंड क्षणभर पांढरं झालं, आणि दार पुन्हा लागलं. कुणी 'कोण हाय' म्हणून विचारलं नाही. एरवी दार उघडलं की नाथाजी गरजायचा.

पडद्यावर भिंतीवरचं कॅलेंडर आलं. वारा सुटला. पानं एकामागून एक फडफडत उडाली आणि शेवंतीची परकरातली पोरगी लुगड्यात आली.

तेवढ्यात मागून कुणीतरी खोकलं.

कोरडा खोकला. दोन ठसके आणि शेवटी घसा खाकरून गिळल्यासारखा आवाज. चंद्राबाईची पाठ ताठ झाली. माणसाचं तोंड विसरतं, बोलणं विसरतं. मोटारीच्या धुरानं लागलेला हा खोकला ती कितीतरी रात्री शेजारी झोपून ऐकत होती. उमाचे दुधाचे दात पडत होते तेव्हा महाबळेश्वरला टॅक्सी चालवायला म्हणून गेलेला माणूस. आधी महिन्याला यायचा, मग दिवाळीला, आणि मग त्याचं तिथं बिऱ्हाड आहे, बाई आहे, एवढी बातमीच काय ती आली.

तिनं मागं वळून बघितलं नाही. शेजारी उमा होती; पडद्याच्या उजेडात तिचं तोंड निवांत दिसत होतं. तिला काही कळलं नव्हतं. चंद्राबाईनं तिचा हात धरला.

"काय गं आई?"

"काय न्हाई. बघ."

रीळ संपलं. घोंगड्या न काढताच, बॅटरीच्या उजेडात नाथाजी तिसरं चढवायला लागला. पट्टी दोनदा सुटली. मग तो मान खाली घालूनच हलक्या आवाजात म्हणाला, "वैनी, डोकं दुखत असंल तर आत जाऊन पडा. उकडतंय लय."

म्हणजे यालाही माहीत होतं.

उठून जावं, असं तिच्या मनात आलं. चुलीपाशी जाऊन बसावं, बाहेरून कडी वाजली तरी उठू नये. पण आता उठलं तर त्याच्या अंगावरून जावं लागणार, आणि उठलेली बाई रडायला गेली असंच सगळे धरणार. आणि पिक्चर अर्धा टाकून ती कधी उठली नव्हती.

"माझं डोकं शाबूत हाय भावजी," ती म्हणाली. "लावा रीळ."

ते शेवटचं रीळ तिनं कसं बघितलं ते तिचं तिला माहीत. नवरा कुबडी घेऊन, दाढी वाढवून परत आला. गाव दार लावून घेतं. शेवंती मात्र तांब्यात ऊन पाणी घेऊन उंबऱ्याबाहेर येते, त्याचे पाय धुते, पदरानं पुसते. पोरगी बापाला मिठी मारते. देवळातल्या घंटा वाजतात. मागं तो माणूस आता खोकत नव्हता. खोकला दाबून धरल्याचा आवाज मात्र तिला येत होता. आणि तिच्या पाठीला, मानेला, खांद्यांना ठाऊक होतं की खोलीतलं कुणीही पडद्याकडं बघत नाही.

*

घोंगड्या निघाल्या. उजेडानं सगळ्यांचे डोळे बारीक झाले. शेंगांच्या पोत्यावर तिचा नवरा आकाराम बसला होता. टोपी हातात घडी करून धरलेली, केस कानांशी पिकलेले, अंगात शहरी बुशशर्ट. संपलेल्या रिळाचं टोक मशीनवर फटफट आपटत होतं आणि नाथाजी ते बंद करायचं विसरला होता.

"आकाराम आलाय," लालासाहेब म्हणाले, जणू कुणाला दिसत नव्हतं.

शालूबाई तोंडाला पदर लावून चंद्राबाईकडं बघत होती. लालासाहेबही तिच्या उठण्याची वाट बघत होते. तांब्या तयारच असणार आत, चंद्राबाईच्या मनात आलं. ऊन पाणीसुद्धा ठेवलेलं असेल.

लालासाहेबांची जीभ जमीनजुमल्याच्या बैठकीत घोड्यासारखी चाले. इथं त्यांना पुढचा शब्द सुचेना. शेवटी जी सवय होती तीच मदतीला आली.

"बरं मग... पिक्चर कसा वाटला?" ते म्हणाले. "शालू, तू सांग."

"लय गुणाची बाई," शालूबाईचा आवाज भरला. ते खोटं नव्हतं, खरंच तिचं काळीज भरून आलं होतं. "पाय धुतलं तवा मला ऱ्हावलंच न्हाई. सोनं झालं बाईचं."

"माझंबी म्हणणं त्येच," लालासाहेब म्हणाले. "माणूस हाय, चुकतो. बाईमाणसानं पोटात घातलं म्हणून घर ऱ्हायलं. पोरीचं लगीन झालं. न्हाई तर कोण करून घेत हुतं? उमा, तुला?"

उमा पोत्यावरच्या माणसाकडं बघत होती. फोटोतला माणूस आणि हा माणूस ती एकावर एक ठेवून बघत असावी. "मला काय सुचत न्हाई आबा," ती म्हणाली.

"आता..." लालासाहेबांनी नाथाजीकडं पाहिलं. हे वाक्य नाथाजीचं होतं. नाथाजीनं पुढं होऊन मशीनचं बटण बंद केलं. मग लालासाहेबच म्हणाले, "चंद्राबाई, तुमचं काय म्हणणं?"

चंद्राबाईनं पदर सारखा केला. दिरांसमोर बोलायची तिची ही एकच जागा होती, आणि त्यांनी स्वतःच ती तिच्यापुढं ठेवली होती.

"कामं चांगली झाल्यात," ती म्हणाली. "गाणं बरं हाय. शेवंती जात्यावर बसती तवा खुंटा उलट्या हातानं धरती, पण ते जाऊ द्या. मला एकच इचारायचंय. मदी क्यालेंडरची पानं उडाली न्हवं? सात वर्सं गेली म्हणं. फुर्रकन. त्या पानांतली बाई कुठं हाय?"

"म्हंजे?" लालासाहेब म्हणाले.

"म्हंजे त्या सात वर्सांत शेवंतीनं काय केलं ते दावलंच न्हाई की. नवरा कुटं गेला, काय प्याला, कुबडी कशी आली, समदं दावलं. ती पानं उडाली तवा ती बाई कुठं बसली हुती? काय खात हुती? कोयनेचा भूकंप झाला तवा कडाक्याच्या थंडीत तीबी पोरीला पोटाशी धरून उकिरड्यापाशी निजली का? पोरीला टायफाईड झाला तवा साताऱ्याला डाक्तरच्या पायरीवर तिच्यासंगं कोण हुतं? बहात्तर साली हिरीत गाळ काढायला उतरली, का बसून गाणं म्हटली? पोरगी पयल्यांदा बाजूला बसली तवा तिला मांडीवर घेऊन तिनं काय सांगितलं? ती बाई दावा की मला. मग पाय धुवायचं का न्हाई ते मी सांगती. न्हाई दावली तर पाणी कोण तापवतंय त्येच कळत न्हाई बगा."

इतकं ती कधी बोलली नव्हती. आवाज चढला नव्हता. पण हात मांडीवर एकमेकांत इतके घट्ट गुंतले होते की बांगडी रुतली.

"पिक्चर हाय चंद्राबाई," लालासाहेब पुटपुटले. "तीन तासांत समदं कसं दावनार?"

"दावत न्हाईत ते न्हाईत. पण मग रडू नगा म्हणती मी."

शालूबाईनं पदर तोंडावरून खाली घेतला.

तेवढ्यात उमा म्हणाली, "बापू, तुमाला कसा वाटला?"

सगळ्यांच्या माना वळल्या. आकाराम इतका वेळ टोपीच्या घडीवर घडी घालत होता. लेकीनं हाक मारलेली ऐकून त्याचं तोंड उजळलं. पोरगी आपल्या बाजूची आहे असं त्याला वाटलं असावं.

"चांगला हाय की," तो घसा साफ करत म्हणाला. "त्या गड्याचं काम तर... लय सोसलं बिचाऱ्यानं. त्या कुबडीवर डोंगर उतरून येतो तवा माझ्या डोळ्याला पानी आलं. कोण इचारणारं न्हाई, घासभर खायाला न्हाई."

भिंतीवरचं धोतर खिडकीतल्या वाऱ्यानं उगाच हलत होतं.

"काय सोसलं वं त्येनं?" शालूबाई म्हणाली.

आकारामनं भावजयीकडं बघितलं. लालासाहेबांनी बायकोकडं बघितलं.

"न्हाई, मी इचारती," शालूबाई म्हणाली, आणि तिचे डोळे अजून ओलेच होते. "मी तासभर शेवंतीपायी रडली. आन् तुमी त्या कुबडीपायी रडला व्हय भावजी? ह्या बाईच्या मानेमागं बसून?"

"शालू, गप," लालासाहेब म्हणाले.

"गपच हुती इतके दिस. तुमी म्हणला म्हणून पाणीबी तापवून ठेवलं मी. माझ्या हातानं."

चंद्राबाईनं पहिल्यांदाच मान वळवून आकारामकडं सरळ पाहिलं. त्याच्याशी ती तोंडावर बोललेली शेवटची गोष्ट कोणती, ते तिला आठवेना.

"म्हाबळेसरला बाई हाय ती कुठं हाय?" तिनं विचारलं.

"हाय तितंच."

"तिला सांगून आलाय?"

त्यानं टोपीची आणखी एक घडी घातली.

"टॅक्सी?"

"इकली. आता पावसाळ्यात तितं काय ऱ्हातंय? चार म्हैने धुकं आन् चिखल. कुत्रं फिरकत न्हाई." आणि मग थोडा कळवळून तो म्हणाला, "माझंबी वय झालं चंद्रा. किती दिस परक्या मुलखात काढायचं?"

"म्हंजे तिला न सांगता आलाय," चंद्राबाई म्हणाली. तिला वाटलं होतं आपल्याला राग येईल. आला नाही. महाबळेश्वरच्या कुठल्याशा गळक्या पत्र्याखाली चूल पेटवून, रस्त्याकडं कान लावून बसलेली एक बाई तिला दिसली. आजवर तिनं त्या बाईला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या होत्या! "तिचीबी पानं उडवून आलाय तुमी."

आकाराम खोकायला लागला. दोन ठसके आणि घसा. या वेळी कुणाची पाठ ताठ झाली नाही.

"दादा," नाथाजी एकदम म्हणाला, "मी हे मशीन ह्याच्यासाठी आणलं न्हवतं. तुमी शब्द घेतला म्हणून मी गप बसलो. माझं चुकलं वैनी."

लालासाहेब उठले, पुन्हा बसले. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. "मी काय माझ्यासाठी केलं का?" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. "गुरवारी पाव्हणं येणार. बाप कुठं म्हणून इचारणार. हातातलं सोन्यासारखं स्थळ. पोरगी काय माझी न्हाई? माझ्या मांडीवर मुतलेली हाय ती! बाप जिता असून चुलता कन्यादान करतोय म्हंटल्यावर चार लोक काय म्हंत्याल? मला वाटलं... पिक्चर बघून समद्यांचं मन जरा मऊ हुईल. मला बोलाया येत न्हाई असलं, म्हणून पिक्चर आणला."

हे खरं होतं. चंद्राबाईला ते लगेच कळलं, आणि थोरल्या दिराची तिला पहिल्यांदाच कीव आली. एवढा दांडगा माणूस, सांगलीच्या कचेरीत खुर्चीवर अवघडून बसून विचारत असेल, 'टाकलेली बाई नवऱ्याला घेती असा हाय का एखादा?'

"दादा, तुमच्या मनात खोट न्हाई," ती म्हणाली. "हे तुमचं भाऊ हायत. वाटणी त्यांची हाय, मळ्यात खोली हाय. ऱ्हाऊ देत. मी काढा म्हणणार न्हाई. पण माझ्या चुलीवर त्यांचं पाणी तापणार न्हाई. आन् कवठ्याला मीच जाऊन सांगती. गुरवारची वाट बघत न्हाई. उद्याच."

"काय सांगणार?"

"हाय ते."

"मोडलं तर?"

तिनं उमाकडं पाहिलं. उमा उठली, आत गेली आणि तांब्याभर गार पाणी घेऊन आली. तो तांब्या तिनं पोत्याशेजारी ठेवला. आकारामनं तिच्या हातावर हात ठेवायचा प्रयत्न केला.

"उमी न्हवं का तू?"

"उमा," ती म्हणाली, आणि आईच्या शेजारी येऊन बसली. "जा तू आई. मोडलं तर मोडलं. उद्या त्यांनी दुसऱ्याकडनं ऐकलं तर मला नांदायचंय तितं."

"येकटी कशी जाणार?" लालासाहेब म्हणाले. "नाथाजी, तू—"

"भावजी नगं," शालूबाई उठत म्हणाली. "बाप्यागड्याचं काम न्हाई ह्ये. मी जाती तिच्यासंगं."

"तू? आन् भाकरी कोण करंल?"

"तुमी तिघं भाऊ हायसा की आता," शालूबाई म्हणाली आणि घोंगड्यांच्या घड्या घालायला लागली.

*

कोरेगावला गाडी पकडून दोघी मिरजेला उतरल्या, तिथून एस.टी. वाटेत शालूबाईनं चार वेळा विचारलं, "सुरुवात काय करणार गं?" आणि चारही वेळा चंद्राबाईनं वेगळं सांगितलं. ऊस संपला, रानं उघडी पडत गेली, बांधावर बाभळी आल्या. कवठे महांकाळच्या स्टँडवर उतरल्यावर चंद्राबाईला वाटलं, परत फिरणारी गाडी उभीच आहे, बसावं आणि जावं.

कृष्णातचं घर दगडामातीचं, अंगण शेणानं सारवलेलं. त्याची आई, भामाबाई, सुपात बाजरी पाखडत बसली होती. अचानक दारात आलेल्या दोन बायका बघून तिनं सूप खाली ठेवलं. वडील रानातून यायचे होते. ते बरंच झालं, चंद्राबाईला वाटलं.

पाण्याचा तांब्या पुढं आला. तो हातात घेण्याआधीच ती म्हणाली, "पाणी मागनं घेती. आधी ऐका."

तिनं सांगितलं. वाटेत ठरवलेलं एकही वाक्य उपयोगाला आलं नाही. नवरा गेला, ती बाई, तो काल आला, मळ्याच्या खोलीत आहे, आपल्या घरात नाही आणि घेणार नाही. कन्यादान थोरले दीर-जाऊ करतील. "पोरीत काय खोट न्हाई. बापात हाय. लपवून देणं माझ्यानं हुईना म्हणून आली." मधे दोनदा ती अडली, तेव्हा शालूबाईनं नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

भामाबाई ऐकत राहिली. तिचं तोंड उन्हानं रापलेलं, त्यावरून काही वाचता येत नव्हतं. सुपातले खडे ती एकेक वेचून बाजूला टाकत होती.

"आमच्या लोकांस्नी आदीच कळलं हुतं," ती शेवटी म्हणाली. "म्हाबळेसरचं. माहिती काढल्याबिगर कोण पोरगी करतंय? मालक म्हणलं, बघू, काय सांगत्यात. बाप म्हणून कुणाला उभं करत्यात का, का मेला म्हंत्यात."

शालूबाईचा हात चंद्राबाईच्या पाठीवर तसाच थांबला.

"मग?" चंद्राबाईनं विचारलं.

"मग काय. एक सांगा." भामाबाईनं सूप बाजूला सारलं. "मांडवात तो माणूस आला तर आमी त्यास्नी काय म्हणायचं? व्याही म्हणायचं, का काय?"

चंद्राबाईनं विचार केला. खरोखरच केला, कारण असं काही तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि ती जे सांगेल तेच इथून पुढं चालणार होतं.

"पाव्हणं म्हणा," ती म्हणाली. "मांडवात आलेल्याला आमच्यात उपाशी धाडत न्हाईत. जेवू घाला, पान द्या आन् वाटंला लावा."

भामाबाई तिच्याकडं बघत राहिली. मग पुढचे दोन दात नसलेलं तोंड उघडून ती अशी हसली की अंगणातली कोंबडी दचकून बाजूला झाली. हसता हसताच तिनं घराकडं मान वळवून आतल्या लेकीला हाक मारली.

"अंजना, अगं चहात गूळ जरा वाढवून घाल. इहीणबाई बसल्यात."